मध्यस्थीतील तडजोड आणि स्वाक्षरीस नकार

मध्यस्थीतून ठरलेल्या तडजोडीवर एखाद्या पक्षाने स्वाक्षरी करण्यास नकार दिला, तर ती तडजोड त्याच्यावर बंधनकारक ठरते का आणि तिची अंमलबजावणी करता येते का, हा दिवाणी कायद्यातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. भारतीय कायद्यानुसार मध्यस्थीत सहभागी होणे, चर्चा करणे किंवा तोंडी होकार देणे एवढ्याने सामान्यतः तडजोड पूर्ण होत नाही. अटी लेखी होऊन त्यांवर पक्षांची स्वाक्षरी झाल्यावरच तिला अंमलबजावणीयोग्य स्वरूप येते. स्वाक्षरीपूर्वी माघार घेण्याची मुभा प्रत्येक पक्षाला असते. मात्र स्वाक्षरी होऊन न्यायालयाने हुकूमनामा केल्यानंतर पुढील दस्तऐवजांवर सही करण्याचे नाकारणाऱ्या पक्षाच्या वतीने न्यायालय स्वतः सही करू शकते. या दोन टोकांमधील परिस्थिती, तीवरील उपाय आणि त्या उपायांच्या मर्यादा यांचे विवेचन या लेखात केले आहे.

संज्ञा आणि पार्श्वभूमी

मध्यस्थी म्हणजे तटस्थ व्यक्तीच्या साहाय्याने पक्षांनी आपसांत वाद मिटवण्याची प्रक्रिया. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो पक्षांना निर्णयापर्यंत येण्यास मदत करतो. लवाद मात्र पुरावा ऐकून निवाडा देतो आणि तो निवाडा हरलेल्या पक्षावरही बंधनकारक असतो. त्यामुळे लवादाच्या निवाड्यावर पक्षांच्या स्वाक्षरीची गरज नसते, तर मध्यस्थीतील तडजोड स्वाक्षरीवाचून उभीच राहत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ८९ सध्याच्या स्वरूपात १ जुलै २००२ पासून लागू झाले. या कलमान्वये न्यायालयाला प्रलंबित दावा लवाद, सलोखा, लोकन्यायालयासह न्यायालयीन तडजोड किंवा मध्यस्थी यांपैकी एका मार्गाकडे पाठवता येतो. ॲफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की कन्स्ट्रक्शन (२०१०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या मार्गांतील भेद स्पष्ट केले. लवाद आणि सलोखा यांकडे दावा पाठवण्यासाठी सर्व पक्षांची संमती लागते. मध्यस्थीकडे न्यायालय संमतीविनाही पाठवू शकते. परंतु मध्यस्थाकडे जाण्याची सक्ती आणि तडजोड करण्याची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सक्ती कायद्याला मान्य नाही.

विषय समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण उपयोगी पडते. दोन भावांमध्ये वडिलोपार्जित घराच्या वाटपाचा दावा चालू आहे. न्यायालयाने तो मध्यस्थीकडे पाठवला. दिवसभराच्या चर्चेनंतर असे ठरले, की घर धाकट्याने ठेवावे, त्याने थोरल्याला ठरलेली रक्कम द्यावी आणि थोरल्याने आपल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र करून द्यावे. दुसऱ्या दिवशी सही करण्याच्या वेळी थोरल्या भावाने नकार दिला. धाकट्याने दरम्यान कर्जासाठी धावपळ सुरू केलेली असते आणि ‘सगळ्यांच्या समक्ष कबूल केले होते’ अशी त्याची भावना असते. कायदा या भावनेकडे कसा पाहतो, हे थोरल्याचा नकार कोणत्या टप्प्यावर आला यावर अवलंबून असते.

स्वाक्षरीची आवश्यकता

दिवाणी प्रक्रिया संहिता

प्रलंबित दाव्यातील तडजोडीसंबंधीची मुख्य तरतूद संहितेच्या आदेश २३, नियम ३ मध्ये आहे. या नियमाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागानुसार, दावा कायदेशीर कराराने किंवा तडजोडीने पूर्णतः अथवा अंशतः मिटला असून तो करार लेखी व पक्षांनी स्वाक्षरी केलेला आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर न्यायालय त्यानुसार हुकूमनामा करते. दुसरा भाग प्रतिवादीने वादीचे समाधान प्रत्यक्ष करून टाकले आहे अशा प्रसंगासाठी आहे.

‘लेखी व पक्षांनी स्वाक्षरी केलेला’ हे शब्द मूळ नियमात नव्हते. ते १९७६ च्या दुरुस्तीने घालण्यात आले. त्यापूर्वी तोंडी तडजोड झाली होती की नाही, यावरच दीर्घकाळ वाद चालत आणि मूळ दावा बाजूला राही. गुरप्रीत सिंग विरुद्ध चतुर भुज गोयल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीचा हा हेतू लक्षात घेऊन, तडजोड लेखी व स्वाक्षरित असणे आवश्यक आहे असे ठरवले. पुष्पा देवी भगत विरुद्ध राजिंदर सिंग (२००६) या निकालात नियमाच्या दोन भागांतील फरक अधिक स्पष्ट झाला. पुढे करावयाच्या गोष्टींचे वचन असेल तर पहिला भाग लागू होतो आणि त्यावरील हुकूमनाम्याची दरखास्त दाखल करून अंमलबजावणी करता येते. व्यवहार आधीच पूर्ण झाला असेल तर दुसरा भाग लागू होतो. अशा वेळी वादीने किंवा त्याच्या वकिलाने न्यायालयाला तसे कळवणे पुरेसे असते, परंतु अंमलात आणण्यासारखे काही शिल्लक उरत नाही.

महाराष्ट्रातील न्यायालयांमध्ये पक्षकार तडजोडीच्या अटी लिहून दाखल करतात, त्या कागदाला ‘तडजोड पुरसिस’ म्हणतात. न्यायाधीश सामान्यतः पक्षकारांना समक्ष बोलावून मजकूर समजला आहे का, सही स्वतःची आहे का आणि ती राजीखुशीने केली आहे का, याची खात्री करून घेतात. वरील उदाहरणात थोरल्या भावाने पुरसिसीवर सही केलेली नसल्यामुळे हुकूमनामा करण्याजोगे काही न्यायालयापुढे येतच नाही.

लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६

सलोखा ही मध्यस्थीच्या जवळची प्रक्रिया आहे. १९९६ च्या अधिनियमाच्या कलम ७३ नुसार पक्षांनी लेखी करारनाम्यावर स्वाक्षरी केली, की तो अंतिम व बंधनकारक होतो. सलोखाकार तो प्रमाणित करून प्रती पक्षांना देतो. कलम ७४ अशा करारनाम्याला लवादाच्या निवाड्याचा दर्जा देते.

या तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या हरेश दयाराम ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०००) या खटल्यात विशद केला. त्या प्रकरणात सलोखाकाराने पक्षांशी चर्चा केल्यानंतर तडजोडीच्या अटी स्वतःच तयार केल्या आणि मोहोरबंद लिफाफ्यातून न्यायालयाकडे पाठवल्या. त्यांवर पक्षांच्या स्वाक्षऱ्या नव्हत्या. उच्च न्यायालयाने त्या अटी स्वीकारल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्या करारनामा म्हणून मान्य केल्या नाहीत. सलोखाकाराचे मत कितीही न्याय्य असले, तरी पक्षांच्या सहीची जागा ते घेऊ शकत नाही, हे या निकालाचे सार होय. पुढे म्हैसूर सिमेंट्स विरुद्ध स्वेदाला बारमॅक (२००३) या खटल्यातही, कलम ७३ मधील अटी पूर्ण न करणाऱ्या कागदाला कलम ७४ चा दर्जा मिळत नाही असे ठरले.

वाणिज्यिक वाद

वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ मध्ये २०१८ साली घातलेल्या कलम १२अ नुसार, तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसलेल्या वाणिज्यिक दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अनुसरणे आवश्यक आहे. पाटील ऑटोमेशन विरुद्ध रखेजा इंजिनीअर्स (२०२२) या निकालाने ही तरतूद अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. येथेही तडजोड लेखी असावी लागते आणि तिच्यावर पक्ष व मध्यस्थ यांच्या सह्या असाव्या लागतात. तशी ती झाली तर तिला लवादाच्या निवाड्यासारखे बळ येते. समोरचा पक्ष मध्यस्थीला आलाच नाही, तर प्रक्रिया सुरू होऊ शकली नाही असा अहवाल होतो आणि दावा दाखल करण्याचा मार्ग मोकळा होतो.

मध्यस्थी अधिनियम, २०२३

मध्यस्थीविषयी स्वतंत्र व सर्वंकष कायदा भारतात २०२३ मध्ये झाला. त्याच्या कलम १९ नुसार तडजोडीचा करारनामा लेखी असावा, त्यावर पक्षांची स्वाक्षरी असावी आणि मध्यस्थाने तो प्रमाणित केलेला असावा. कलम २७ नुसार असा करारनामा अंतिम व बंधनकारक असून दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो. फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी किंवा मध्यस्थीस अयोग्य असलेल्या विषयात झालेली मध्यस्थी, या मोजक्या कारणांवरच त्याला कलम २८ अन्वये आव्हान देता येते. त्यासाठी ९० दिवसांची मुदत असून न्यायालय ती आणखी ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. तडजोड न झाल्यास मध्यस्थ तसा अहवाल देतो, पण त्यात ती का झाली नाही आणि कोण कसे वागले याचा उल्लेख करण्यास मनाई आहे.

हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद आहे. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यातील ठरावीक कलमेच अमलात आली. करारनामा व त्याची अंमलबजावणी यांविषयीची वरील कलमे त्यांत नव्हती. म्हणून एखाद्या प्रकरणात कोणती तरतूद लागू पडते, हे पाहताना त्या त्या कलमाची अधिसूचना तपासणे आवश्यक ठरते.

नकाराचे प्रकार व उपलब्ध उपाय

करारनाम्यावरच स्वाक्षरी न करणे

हा नकाराचा सर्वांत सामान्य प्रकार आहे. अशा वेळी मध्यस्थी असफल झाली असे मानले जाते आणि दावा जेथे थांबला होता तेथून पुढे चालतो. मध्यस्थाला, न्यायालयाला किंवा दुसऱ्या पक्षाला सहीची सक्ती करता येत नाही. नकाराचे कारण देण्याचेही बंधन नसते.

तरीही ‘तडजोड झालेलीच होती’ असे एका पक्षाचे म्हणणे असेल, तर आदेश २३, नियम ३ च्या परंतुकानुसार न्यायालयाने तो प्रश्न ठरवावा लागतो. एका पक्षाने तडजोड झाल्याचे सांगावे आणि दुसऱ्याने ते नाकारावे, याच प्रसंगासाठी हे परंतुक आहे. मात्र त्याचा उपयोग लेखी व स्वाक्षरित कागद अस्तित्वात असताना अधिक होतो: सही बळजबरीने घेतली, मजकूर बदलला किंवा सही आपली नाही, अशा आक्षेपांची चौकशी त्याखाली होते. सहीच नसेल तर नियमाच्या पहिल्या भागातील अट अपूर्ण राहते.

दुसरा मार्ग करारविषयक सर्वसाधारण कायद्याचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ तोंडी करारालाही मान्यता देतो; प्रस्ताव, स्वीकृती व मोबदला असल्यास आणि विशिष्ट स्वरूपाची अट कायद्याने घातलेली नसल्यास करार होऊ शकतो. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम (२०१०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पक्षांमध्ये ईमेलद्वारे अटी पूर्णपणे ठरल्या असतील तर औपचारिक करारनाम्यावर सही झाली नाही म्हणून करार नाकारता येत नाही, असे मानले. तो व्यापारी करार होता, मध्यस्थीतील तडजोड नव्हे. तरी, मध्यस्थीच्या बाहेर पक्षांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून पूर्ण करार सिद्ध होत असेल, तर स्वतंत्र दावा करण्यास या तत्त्वाचा आधार घेतला जातो. असा दावा म्हणजे जुन्या वादावर नवा वाद असतो. विशिष्ट पूर्ततेच्या दाव्यासाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, आणि पक्षांनी ‘सही झाल्यावरच बंधनकारक’ असे आधीच ठरवले असेल तर तो टिकणे अवघड जाते. मध्यस्थी सुरू होताना ज्या नियमावलीवर पक्ष सह्या करतात, तीत असे कलम अनेकदा असते.

वकिलाची स्वाक्षरी

पक्षकाराऐवजी त्याच्या वकिलाने सही केली असेल तर काय, हा प्रश्नही अनेकदा उपस्थित होतो. बायराम पेस्तनजी गारीवाला विरुद्ध युनियन बँक ऑफ इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अधिकार दिलेल्या वकिलाची सही पक्षकाराची सही मानता येते असे ठरवले. जिनेश्वरदास विरुद्ध जगरानी (२००३) या निकालात हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. दुसरीकडे, हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाऊसिंग सोसायटी विरुद्ध बलवान सिंग (२०१५) मध्ये न्यायालयाने, पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याचे हक्क सोडू नयेत यावर भर दिला. व्यवहारात म्हणून मध्यस्थी केंद्रे पक्षकाराची स्वतःची सही किंवा अंगठा घेण्याचा आग्रह धरतात आणि वकिलाची सही तिच्या जोडीला घेतात.

अनेक पक्षांपैकी काहींचा नकार

वाटपाच्या दाव्यांत पक्षकार दोनच नसतात. बहिणी, पुतणे, विधवा सुना यांचेही हिस्से असतात. आदेश २३, नियम ३ दावा ‘अंशतः’ मिटवण्यास परवानगी देतो आणि २०२३ चा अधिनियमही काही पक्षांमधील, काही मुद्द्यांपुरती तडजोड मान्य करतो. सही करणाऱ्यांचे हक्क सही न करणाऱ्याच्या हिश्श्यापासून वेगळे करता येत असतील, तर तेवढ्यापुरता हुकूमनामा होऊ शकतो. वेगळे करता येत नसतील, तर एका सहीच्या अभावी सर्वांची तडजोड अडून राहते. सही न केलेल्या व्यक्तीचा हक्क इतरांच्या तडजोडीने कमी होत नाही. घरातील एखाद्या बहिणीला न विचारता भावांनी केलेली पुरसिस तिच्यावर बंधनकारक नसते.

स्वाक्षरीनंतरचा नकार

सही होऊन न्यायालयाने हुकूमनामा केला, की चित्र पालटते. केवळ मन बदलले म्हणून आता माघार घेता येत नाही. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कलम ९६(३) अन्वये अपील करता येत नाही आणि तडजोड कायदेशीर नव्हती या कारणावरून वेगळा दावा करण्यास आदेश २३, नियम ३अ मनाई करतो. फसवणूक किंवा बळजबरी झाली असल्यास ज्या न्यायालयाने हुकूमनामा केला त्याच न्यायालयाकडे दाद मागावी लागते.

समजा, वरील उदाहरणात थोरल्या भावाने पुरसिसीवर सही केली, हुकूमनामा झाला, धाकट्याने रक्कम भरली. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करण्यास थोरला येत नाही. येथे आदेश २१, नियम ३४ उपयोगी पडतो. धाकटा भाऊ दरखास्त दाखल करतो आणि हक्कसोडपत्राचा मसुदा न्यायालयाला सादर करतो. न्यायालय तो मसुदा थोरल्याला बजावून हरकती मागवते, त्यांचा निर्णय करते आणि मसुदा कायम करते. त्यानंतर योग्य मुद्रांकाच्या कागदावर तयार केलेल्या दस्तावर न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी थोरल्याच्या वतीने सही करतो. या सहीचा परिणाम थोरल्याने स्वतः सही केल्यासारखाच होतो.

इतर प्रकारच्या अटींसाठी वेगळे मार्ग आहेत. पैशांच्या अटीसाठी मालमत्तेची जप्ती व विक्री होऊ शकते. एखादी कृती करण्याचा किंवा न करण्याचा हुकूम जाणूनबुजून मोडल्यास आदेश २१, नियम ३२ नुसार जप्ती किंवा दिवाणी कैद होऊ शकते. सामान्यतः हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी १२ वर्षांची मुदत असते. पक्षाने न्यायालयाला हमी दिली असेल आणि ती हेतुपुरस्सर मोडली असेल, तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाईही होऊ शकते.

स्थावर मालमत्तेबाबत नोंदणीचाही विचार करावा लागतो. दाव्याचा विषय असलेल्या मालमत्तेपुरता तडजोडीचा हुकूमनामा नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७(२)(सहा) अन्वये सामान्यतः सक्तीच्या नोंदणीतून वगळलेला आहे. दाव्याबाहेरची जमीन किंवा घर तडजोडीत आणले असेल, तर ही सूट मिळत नाही.

गोपनीयतेचा अडसर

‘त्याने मध्यस्थासमोर मान्य केले होते, मध्यस्थालाच साक्षीला बोलवा’ ही मागणी स्वाभाविक वाटते. पण कायदा ती मान्य करत नाही. १९९६ च्या अधिनियमाच्या कलम ८१ नुसार सलोख्यात मांडलेल्या सूचना व दिलेल्या कबुल्या पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. इतकेच नव्हे, तर सलोखाकाराचा प्रस्ताव स्वीकारण्याची तयारी समोरच्या पक्षाने दाखवली होती, ही वस्तुस्थितीसुद्धा पुराव्यात आणता येत नाही. २०२३ च्या अधिनियमातही मध्यस्थीतील संभाषणाला असेच संरक्षण आहे. स्वाक्षरित करारनाम्याची नोंदणी, अंमलबजावणी व त्याला आव्हान यांपुरता मात्र अपवाद ठेवला आहे.

मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थाच्या अहवालाची मर्यादा आखून दिली. तडजोड झाली तर मध्यस्थाने दोन्ही पक्षांनी सही केलेला करारनामा न्यायालयाकडे पाठवावा; झाली नाही तर मध्यस्थी असफल झाली एवढेच कळवावे. कोणी काय देऊ केले आणि कोणी काय नाकारले, हे लिहू नये.

या नियमामागील विचार असा, की बोललेला प्रत्येक शब्द उद्या आपल्याविरुद्ध वापरला जाईल अशी भीती असेल, तर मध्यस्थीत कोणी मोकळेपणाने बोलणारच नाही. त्यामुळे होकार देऊन माघार घेणाऱ्याला कधीकधी लाभ मिळतो, ही या संरक्षणाची किंमत आहे. खर्चाच्या बाबतीतही हीच अडचण दिसते. वाणिज्यिक दाव्यांत वाजवी तडजोडीचा प्रस्ताव विनाकारण नाकारला गेला होता का, हे खर्चाचा आदेश देताना पाहण्याची मुभा संहितेच्या सुधारित कलम ३५ मध्ये आहे. परंतु तो प्रस्ताव केवळ मध्यस्थीतच दिला गेला असेल तर तो न्यायालयापुढे मांडणे कठीण जाते. म्हणून काही पक्ष मध्यस्थीबाहेरही स्वतंत्र लेखी प्रस्ताव देऊन ठेवतात.

वैवाहिक वादांतील विशेष स्थिती

पतिपत्नींमधील वाद मध्यस्थीत मिटताना पोटगी, मुलांचा ताबा, दागिने, घर आणि परस्परसंमतीने घटस्फोट अशा अनेक अटी एकत्र ठरतात. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३ब नुसार परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी दोन टप्प्यांत अर्ज करावा लागतो. सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश (१९९१) या निकालानुसार ही संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकून असावी लागते आणि तोवर कोणीही ती मागे घेऊ शकतो.

मध्यस्थीच्या करारनाम्यावर सही केली, पहिला अर्जही केला आणि दुसऱ्या अर्जावर सही करण्यास नकार दिला, तर काय होते? रजत गुप्ता विरुद्ध रूपाली गुप्ता (२०१८) या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने यातील दोन गोष्टी वेगळ्या केल्या. न्यायालयाला दिलेली हमी हेतुपुरस्सर मोडल्यास अवमानाची कारवाई होऊ शकते. परंतु त्या मार्गाने कोणाकडून घटस्फोटाची संमती वदवून घेता येत नाही. हक्कसोडपत्रावर न्यायाधीशाला दुसऱ्याच्या वतीने सही करता येते. घटस्फोटाच्या संमतीची सही मात्र ज्याची त्यानेच करावी लागते.

लोकन्यायालय आणि स्थायी लोकन्यायालय

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार लोकन्यायालयाचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते. हा निवाडा मात्र केवळ पक्षांच्या तडजोडीवरच होऊ शकतो. पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग (२००८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तडजोड झाली नसताना लोकन्यायालयाने स्वतःच्या मताने रक्कम ठरवून निवाडा देणे चुकीचे आहे. एक पक्ष सही करत नसेल तर प्रकरण मूळ न्यायालयाकडे परत जाते.

स्थायी लोकन्यायालय ही यापेक्षा वेगळी संस्था आहे. २००२ च्या दुरुस्तीने निर्माण झालेल्या या संस्थेपुढे वाहतूक, टपाल, वीज, पाणी, रुग्णालय, विमा अशा लोकोपयोगी सेवांसंबंधीचे वाद जातात. तेथे प्रथम सलोख्याचा प्रयत्न होतो. पक्षांनी सह्या केल्या नाहीत तर कलम २२क(८) अन्वये स्थायी लोकन्यायालय वादाचा गुणवत्तेवर निर्णय देऊ शकते. कॅनरा बँक विरुद्ध जी. एस. जयराम (२०२२) या निकालानुसार सलोख्याचा टप्पा वगळून थेट निर्णय देता येत नाही. या तरतुदीमुळे सही नाकारणाऱ्याला तडजोड लादली जात नाही, परंतु वाद अनिर्णित ठेवण्याचा लाभही त्याला मिळत नाही.

गावपातळीवरील तडजोड

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवण्यात आली आणि गावोगावी तंटामुक्त समित्या स्थापन झाल्या. अशा समितीपुढे किंवा गावकीत झालेल्या तडजोडीला सामाजिक वजन असते, पण तिला आपोआप हुकूमनाम्याचे बळ येत नाही. ती लोकन्यायालयात किंवा न्यायालयात रीतसर नोंदवून घ्यावी लागते. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमातील सामुदायिक मध्यस्थीबाबतही हाच भेद केला आहे: परिसरातील शांतता राखण्यासाठी होणारी ही तडजोड हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येत नाही.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६६४.६ स्वाक्षरित लेखी तडजोडीवर किंवा न्यायालयासमक्ष नोंदवलेल्या तोंडी तडजोडीवर निकाल देण्याची मुभा देते. फेअर विरुद्ध बख्तियारी (२००६) या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीच्या गोपनीयतेला प्राधान्य दिले: स्वाक्षरित टिपणातही ते बंधनकारक असल्याचे स्पष्ट म्हटलेले नसेल, तर ते पुराव्यात येऊ शकत नाही, असे ठरले. इंग्लंडमध्ये ब्राऊन विरुद्ध राइस (२००७) या खटल्यात न्यायालयाने, तडजोड झाली होती का एवढ्या प्रश्नापुरता मध्यस्थीतील घडामोडींचा पुरावा घेता येतो असे मानले. मात्र सही झाल्याखेरीज तडजोड बंधनकारक नाही अशी पक्षांमधील आधीची अट लक्षात घेऊन तडजोड झाल्याचे मान्य केले नाही.

आंतरराष्ट्रीय व्यापारी वादांसाठीचा सिंगापूर करार १२ सप्टेंबर २०२० रोजी अमलात आला. त्यानुसार अंमलबजावणी मागणाऱ्याने पक्षांनी स्वाक्षरी केलेला करारनामा सादर करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीही चालू शकते. भारताने या करारावर ७ ऑगस्ट २०१९ रोजी स्वाक्षरी केली.

व्यवहारातील दक्षता

नकाराचा धोका कमी करण्यासाठी मध्यस्थी केंद्रांमध्ये काही पद्धती रूढ आहेत. अटी ठरताच, त्याच बैठकीत, पक्षकारांना समजणाऱ्या भाषेत लिहून त्यांवर सह्या घेतल्या जातात. संपूर्ण मसुद्याला वेळ लागणार असेल, तर मुख्य अटींचे छोटे टिपण करून ते बंधनकारक आहे असे त्यात स्पष्ट लिहिले जाते. रक्कम, तारीख, हप्ते, कोणता दस्त कोणी कधी करून द्यायचा आणि न केल्यास काय, हे नेमके नमूद केले जाते. ज्या कुटुंबीयांच्या संमतीवाचून तडजोड टिकणार नाही, त्यांना आधीच चर्चेत सामील केले जाते. घरी गेल्यावर मुलांनी किंवा भावकीने नकार द्यायला लावण्याचे प्रसंग त्यामुळे टळू शकतात.

मतभेद

स्वाक्षरीच्या कठोर अटीबद्दल दोन दृष्टिकोन आढळतात. एका मतानुसार ही अट अप्रामाणिक पक्षाला पळवाट देते: तो चर्चेत होकार देऊन दुसऱ्याची बाजू जाणून घेतो, वेळ काढतो आणि शेवटी सही नाकारतो. दुसऱ्या मतानुसार सही हे दुर्बळ पक्षाचे संरक्षण आहे. दिवसभराच्या चर्चेने थकलेल्या, कायदा न जाणणाऱ्या किंवा घरच्यांच्या दडपणाखाली मान हलवणाऱ्या माणसाला कागद वाचून नाही म्हणण्याची शेवटची संधी त्या क्षणी मिळते. वरील उदाहरणातील थोरला भाऊ लबाड असू शकतो, तसाच आपल्या हिश्श्याची किंमत रात्रीतून उमगलेलाही असू शकतो. मध्यस्थीतील संभाषण बंद ठेवून आणि केवळ स्वाक्षरित कागद पाहून भारतीय कायदा या दोघांमध्ये निवड करण्याचे टाळतो. मात्र एकदा सही होऊन हुकूमनामा झाला, की तोच कायदा त्याच्या पूर्ततेसाठी न्यायाधीशाची लेखणीही उपलब्ध करून देतो.